कट्यारीची पारख : धातु, लेख व परंपरा

जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ ज्यांनीं वाड्यांचे माळे व देवळांच्या कोठड्या धुंडाळल्या आहेत त्यांस असा अनुभव वारंवार आला असेल कीं, रुमालांच्या ढिगाखालीं कागदांच्या सोबतीनें एखादी गंजलेली कट्यार, मोडक्या म्यानांतला बिचवा किंवा मूठ निखळलेला खंजीर हातीं लागतो. कागद पाहतांना आपण सावध असतों. कागदाची जात, शाई, मोडीचें वळण, मायना, शिक्का-मोर्तब व तिथिवार यांची कसोटी लावल्यावांचून कोणताही चांगला संशोधक त्यास अस्सल म्हणत नाहीं. परंतु तोच गृहस्थ कट्यार हातीं येतांच घरमालक सांगेल ती हकीकत मुकाट्यानें टिपून घेतो, आणि तें टिपण पुढें कोणाच्या तरी लेखांत पुरावा म्हणून अवतरतें. कागदास एक न्याय व लोखंडास दुसरा, हा प्रकार योग्य नव्हे. हत्यार हाही एक दस्तऐवजच आहे; तो वाचण्याची रीत मात्र निराळी आहे. ती थोडक्यांत मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोणत्याही जुन्या हत्याराविषयीं तीन प्रश्न संभवतात. हत्यार कोणत्या जातीचें, तें कोणत्या काळीं घडलें, आणि तें कोणाचें होतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आकारावरून मिळतें. दुसऱ्याचें उत्तर धातु, घडण व नक्षी यांवरून बऱ्याच अंशीं मिळतें. तिसऱ्याचें उत्तर लोखंड कधींच देत नाहीं. तें कागदानें किंवा अखंड परंपरेनेंच द्यावें लागतें. संग्राहकांच्या बहुतेक चुका या तीन प्रश्नांची गल्लत केल्यामुळें होतात. पातें जुनें ठरलें म्हणजे कथाही खरी ठरली असें ते धरून चालतात, किंवा कथा खोटी निघाली म्हणजे पातेंही टाकाऊ मानतात.

कांहीं वर्षांपूर्वीं देशावरील एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहत असतां घरांतील वृद्ध यजमानांनीं देवघरांतून एक कट्यार आणून मजपुढें ठेवली. अफजलखानाच्या प्रसंगीं आपल्या पूर्वजाच्या कमरेस हीच कट्यार होती, असें त्यांनीं सांगितलें. आणि पुरावा म्हणून पात्यावरील अक्षरांकडे बोट दाखविलें. तेथें शके १५८१, विजय संवत्सर व प्रतापगड हीं स्पष्ट कोरलेलीं होतीं. या कट्यारीचा निकाल पुढें यथास्थळीं येईल. प्रथम कसोट्या पाहूं.

१. नांव व जात

आपल्याकडे ज्यास सरसकट कट्यार म्हणतात त्या हत्याराची घडण जगांत इतरत्र फारशी आढळत नाहीं. मनगटाच्या दोहों बाजूंस येणाऱ्या दोन समांतर पट्ट्या, त्यांस जोडणाऱ्या दोन किंवा अधिक आडव्या दांड्या, आणि मुठीच्या सरळ रेषेंत पुढें येणारें दुधारी पातें, असें तिचें रूप आहे. दांड्या मुठींत धरल्या म्हणजे पातें हाताचाच पुढचा भाग बनतें व ठोशाचें सर्व बळ टोकांत उतरतें. म्हणून अस्सल लढाऊ कट्यारीचें टोंक बहुधा जाड व चौफुली केलेलें असतें. चिलखताच्या कड्या फोडण्यासाठीं तें तसें करीत. ज्या कट्यारीचें टोंक पत्र्यासारखें पातळ आहे ती लढाईसाठीं घडविलेली असण्याचा संभव कमी.

नांवांच्या बाबतींत घोटाळा फार आहे. आईन-इ-अकबरींतील शस्त्रांच्या यादींत जमधर, खंजर व कटारा हीं निरनिराळीं हत्यारें म्हणून आलीं आहेत, आणि आडव्या दांड्यांचें जें हत्यार त्यास तेथें जमधर हें नांव आहे. सभासदानें राजारामाच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिलेल्या बखरींत खानाच्या हातांत जमदाड दिली आहे. जमदाढ म्हणजे यमाची दाढ. इ. स. १८८० मध्यें एजर्टननें लंडनच्या इंडिया म्यूझियममधील हिंदी शस्त्रांचा सूचीग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढील युरोपीय सूचींतून कट्यार हेंच नांव रूढ झालें. यावरून संग्राहकानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जुन्या यादींत कट्यार किंवा जमदाड असा शब्द दिसला म्हणजे आपल्या हातांतील वस्तूच तेथें अभिप्रेत आहे, असें एकदम गृहीत धरूं नये.

इतर जातींची ओळख थोडक्यांत अशी. बिचव्याचें पातें दोनदां वळलेलें असतें व मुठीस बहुधा बोटांभोवतीं येणारें कडें असतें. म्हशीच्या शिंगापासून केलेल्या हत्याराचा आकार त्यांत उतरला आहे असें जाणते मानतात. पेशकब्ज या हत्याराची पाठ जाड व पुढें पसरट असून टोंक सुईसारखें निमुळतें होत जातें. तेंही चिलखत भेदण्यासाठींच. कार्द सरळ व एकधारी. मोगली खंजिराचें पातें वळणदार व दुधारी असून मूठ पुष्कळदां संगेयशबाची, फुलाच्या किंवा घोड्याच्या तोंडाच्या आकाराची असते. जंबिया अरबी, मराठ्यांच्या व निजामाच्या फौजांत अरब शिपाई असल्यामुळें तो दक्षिणेंत सांपडला तर नवल नाहीं, आणि तेवढ्यावरून तो अलीकडचा आयात माल ठरत नाहीं.

२. एका हत्यारांत अनेक काळ

कागद एकदां लिहिला म्हणजे त्याचें वय ठरतें. हत्याराचें तसें नाहीं. पातें एका शतकाचें, मूठ दुसऱ्याचें, म्यान तिसऱ्याचें, असा प्रकार नेहमींचाच आहे. वापरांतलें हत्यार मोडलें कीं तें दुरुस्त होई. चांगलें पातें कोणी फेकून देत नसे. म्हणून दुरुस्त हत्यार व बनावट हत्यार यांत भेद करावा. जुन्या शिकलगारानें किंवा लोहारानें जुन्या पात्यास नवी मूठ बसविली, तर तो त्या हत्याराच्या इतिहासाचा भाग झाला. आजच्या विक्रेत्यानें निरनिराळे तुकडे जोडून त्यांस एक जुनी वस्तु म्हणून विकलें, तर ती फसवणूक होय.

कट्यारीच्या बाबतींत याचें उत्तम उदाहरण म्हणजे फिरंगी पात्यांच्या कट्यारी. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपांतून तरवारींचीं पातीं मोठ्या प्रमाणावर येत. त्यांपासून आपल्याकडे फिरंगा होत. तसेंच मोडलेलीं पातीं कापून कट्यारींसही बसवीत. अशा कट्यारींत पातें व मूठ एकसंध नसतात. मुठीच्या पुढच्या अंगास दोन जिभा काढून त्यांच्यामध्यें पातें धरलेलें असतें व मेखांनीं जखडलेलें असतें. पात्यावरच्या नाळी पाहिल्या म्हणजे मूळ स्वरूप कळतें: मूळ पातें पुष्कळ लांब असल्यामुळें त्याच्या नाळी कट्यारीच्या टोंकाच्या बेतानें संपत नाहींत, जेथें पातें कापलें तेथेंच त्या तुटतात. फिरंगी पात्यावर सोलिंगन, पासाऊ किंवा इटलीच्या कारागिरांचीं चिन्हें कित्येकदां दिसतात. परंतु तीं चिन्हें युरोपांतही दुसऱ्यांनीं उचललीं व हिंदुस्थानांतही त्यांचे अनुकरण झालें. म्हणून चिन्हावरून गांव ठरवूं नये. पात्याच्या घडणीशीं चिन्ह जुळतें कीं नाहीं हें पाहावें.

दक्षिणेंतील जुन्या कट्यारींस हाताच्या पाठीवर येणारें, शिडासारखें किंवा नागाच्या फणेसारखें जाळीदार ढालपट पुष्कळदां असतें, व त्यावर व्यालाच्या आकृती असतात. विजयनगरच्या परंपरेंतून आलेला हा घाट तंजावरच्या शस्त्रागारांतही विपुल होता. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे इ. स. १८५५ मध्यें पुरुष संतति नसतां वारले, राज्य खालसा झालें, आणि शिलेखाना विखुरला; त्यांतील कांहीं शस्त्रें मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत आहेत, कांहीं परदेशांतील संग्रहांत आहेत. मराठी घराण्याच्या शिलेखान्याची ही वाताहत प्रत्येक संशोधकानें मनांत बाळगावी अशी आहे. यादी व वस्तु यांची एकदां ताटातूट झाली म्हणजे वस्तु राहते, पण तिची वाचा जाते.

३. धातु व कारागिरी

दक्खनी पोलादाची कीर्ति जुनी आहे. सतराव्या शतकांत तावर्नियेनें गोवळकोंड्याकडील पोलादाविषयीं लिहिलें आहे. आणि तेलंगणांतील कोनसमुद्रम् या गांवीं इराणचे व्यापारी पोलाद खरेदीस येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एका इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानें करून ठेवली आहे. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखे जें जौहर दिसतें तें धातूच्या अंतर्रचनेंतून आलेलें असतें. पातें घासलें तर तें नाहींसें होतें, पण सौम्य आम्लधर्मी द्रव्य लावतांच पुनः उमटतें. थरांवर थर देऊन घडविलेल्या पात्याची नक्षी निराळी. तींत थरांच्या रेघा एकमेकींच्या अंगानें वाहतात. तिसरा प्रकार बनावटीचा: साध्या पोलादावर मेणानें आकृती काढून आम्लानें खाल्लेली खोटी लाट. ती केवळ पृष्ठावर असते. मुठीच्या जिभेखालीं किंवा धारेच्या बारीक चढावर पाहिलें तर ती मध्येंच तुटते. येथें एक इशारा अवश्य आहे. जौहराची जुनी विद्या एकोणिसाव्या शतकांत लोपली खरी, परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हां साध्य करण्यांत आली. त्यामुळें खरें जौहर दिसलें एवढ्यावरून पातें जुनें, असें आतां म्हणतां येत नाहीं.

सोन्याच्या कामांतही असेच प्रकार आहेत. कोफ्तगिरींत पोलादाच्या पृष्ठावर बारीक आडव्या-तिडव्या रेघा ओरखडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवीत. जेथें सोनें झिजलें तेथें या रेघा भिंगाखालीं दिसल्या पाहिजेत. तहनिशानांत खोल खाच पाडून सोनें भरीत. तेथें झिजेनें सोनें गेलें तरी खाच राहते. ज्या वस्तूवर सोनें उडालें असून खालीं ना रेघा ना खाच, तेथें मुलामा किंवा रंग समजावा. इ. स. १८४९ मध्यें पंजाब खालसा झाल्यावर सियालकोट व गुजरात येथील कोफ्तगरांनीं युरोपीय गिऱ्हाइकांसाठीं व प्रदर्शनांसाठीं पुष्कळ माल केला. तो काम म्हणून सुंदर आहे, जुनाही आहे; परंतु तो लढाईचा नव्हे. इ. स. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणानें व १८७८ च्या शस्त्र कायद्यानें हत्यारांचा मूळ धंदा बसला आणि शोभेच्या वस्तूंचा वाढला. कात्रीप्रमाणें उघडून आंतून दुसरें पातें दाखविणाऱ्या कट्यारी पाहतांना हा काळ विसरूं नये.

हाताच्या कानशीची खूण असमान असते. यंत्रावरील चाकाची खूण एकसारखी व समांतर असते. जुना सांधा भट्टींत तापवून ठोकलेला किंवा तांब्या-पितळेनें झाळलेला असतो; विजेच्या झाळणीचे मणी दिसले कीं तो सांधा विसाव्या शतकाचा. खंजिराच्या मुठींत पातें बहुधा लाखेनें बसविलेलें असतें. तेथें आजची कृत्रिम चिकटण दिसल्यास निदान मूठ तरी अलीकडे उघडली गेली आहे. गंजाचीही परीक्षा होते. खरा जुना गंज पृष्ठांत मुरून खळगे पाडतो, व काळसर आणि घट्ट असतो. मिठाच्या पाण्यानें आणलेला गंज तांबूस, भुसभुशीत व सर्वत्र सारखा असतो, आणि जेथें हात लागून झीज व्हावी तेथेंही तितकाच असतो.

ज्यांना प्रयोगशाळेची जोड मिळूं शकेल त्यांनीं ती अवश्य घ्यावी. क्ष-किरणांनीं मुठीच्या आंतील शेपूट व जुन्या दुरुस्त्या हत्यार न उकलतां दिसतात. पोलादांत मँगनीज भरपूर निघालें तर तें बेसेमरनें १८५६ मध्यें आपली रीत काढल्यानंतरचें असण्याचा बळकट संशय घ्यावा. क्रोमियम भरपूर असलें तर तें गंजरोधक पोलाद, म्हणजे विसाव्या शतकाचें. मात्र युरोपांतील सर्व कसोट्या इकडे जशाच्या तशा लागत नाहींत. पितळेंत जस्ताचें प्रमाण फार असलें तर युरोपांत तें उत्तरकालीन समजतात, कारण तेथें शुद्ध जस्त काढण्याचा हक्क चँपियननें घेतला तो १७३८ मध्यें. आपल्याकडे उदयपूरजवळ जावर येथें जस्त ऊर्ध्वपातनानें काढण्याची विद्या त्यापूर्वीं कित्येक शतकें चालू होती. युरोपची ती कसोटी येथें लावली तर अस्सल मूठही बनावट ठरावयाची.

४. हत्यारावरील लेख

लेख असला म्हणजे संग्राहकाचा आनंद गगनांत मावत नाहीं. आणि म्हणूनच बनावटगाराचा हात प्रथम लेखाकडे वळतो. अस्सल लेखांपैकीं फार मोठा भाग रुक्ष असतो. शिलेखान्याचा अनुक्रम, वजन, क्वचित् कोठून आलें याची नोंद, एवढेंच. बिकानेरच्या शस्त्रागारांतील हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनीं ठोकलेले देवनागरी लेख आहेत. त्यांत कांहींवर तें हत्यार अदोनीहून आल्याचा उल्लेख आहे. बिकानेरचे महाराज अनूपसिंह औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेंत होते, आणि इ. स. १६८९ चा हा माल त्यांच्याबरोबर उत्तरेस गेला. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. दक्षिणी घडणीची कट्यार राजपुतान्यांत सांपडूं शकते. सांपडण्याचें ठिकाण व घडण्याचें ठिकाण यांचा संबंध असेलच असें नाहीं. दुसरें असें कीं, कारकुनी लेखास खोटें बोलण्याचें कारण नसतें. पराक्रमाचा लेख मात्र नीट तपासावा.

लेख तपासतांना पहिला प्रश्न असा विचारावा: अक्षर गंजाच्या आधींचें कीं नंतरचें? अक्षर आधींचें असेल तर गंजाचे खळगे अक्षरांच्या कडा खातात. नंतरचें असेल तर कोरणीची रेघ खळग्यांतूनही तशीच धावते व तिचे कंगोरे हाताला लागतात. दुसरा प्रश्न वळणाचा. छापील पुस्तकांच्या खिळ्यांचें गुळगुळीत वळण सतराव्या शतकाच्या पात्यावर असूं शकत नाहीं. तिसरा प्रश्न शब्दयोजनेचा. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस श्री राजा शिव व दुसऱ्या बाजूस छत्रपति एवढेंच आहे. आजच्या सभांतून व फलकांवरून रूढ झालेली बिरुदावळी पात्यावर दिसली तर लेखाचें वय तेथेंच कळलें.

चौथा प्रश्न कालगणनेचा, आणि तो आमच्या वाचकांच्या हातचा मळ आहे. दक्षिणेंतील रीतीनें शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, व बाकी शून्य आल्यास क्षय संवत्सर समजावा. राज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या. १२ मिळवून १६०८ होतात. ६० नें भागितां बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. उत्तरेकडील बार्हस्पत्य गणना भिन्न असल्यामुळें तिकडील लेखांस ही रीत लावूं नये.

आतां त्या देवघरांतील कट्यारीकडे वळूं. शक १५८१. १२ मिळवून १५९३. ६० नें भागितां बाकी ३३. तेहेतिसावा संवत्सर विकारी. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९, या दिवशीं अफजलखानाचा वध झाला तेव्हां विकारी संवत्सर चालू होता. पात्यावर होता विजय, जो सत्ताविसावा, म्हणजे सहा वर्षांपूर्वीं शके १५७५ मध्यें येऊन गेलेला. विजयाच्या प्रसंगास विजय हें नांव शोभेल, असें कोरणाऱ्यास वाटलें असावें. भिंग लावलें तेव्हां रेघा खळग्यांतून सरळ गेलेल्या दिसल्या. लेख खोटा होता, याविषयीं संशय उरला नाहीं.

५. परंपरा व कागद

लेख गेला म्हणजे कथेचें काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठीं सर्वांस ठाऊक असलेलें एक उदाहरण घेऊं. लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत प्रदर्शनार्थ आलें, आणि हजारों लोकांनीं तें भक्तिभावानें पाहिलें. या वाघनखासोबत एक पेटी आहे. तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा आशय असा कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस मारलें तें हें वाघनख. आणि पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तें जेम्स ग्रँट डफ यांस, ते साताऱ्यास रेसिडेंट असतांना, दिलें.

हा मजकूर आपण कागदाप्रमाणें वाचूं. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. त्यास मोगल सेनापति म्हणणारा लेखक प्रसंगाच्या जवळचा नव्हे, हें उघड आहे. ग्रँट डफ साताऱ्यास होते तो काळ १८१८ ते १८२२ चा. आणि बाजीराव जून १८१८ मध्यें इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ज्या पेशव्याची सत्ता नुकतीच संपली त्याच्या प्रधानानें साताऱ्याच्या गादीच्या घरची वस्तु द्यावी, हें अशक्य नाहीं, पण त्यास आधार हवा. शिवाय १६५९ पासून १८१८ पर्यंतच्या १५९ वर्षांत हें वाघनख कोठें होतें, हें ती पेटी सांगत नाहीं. सभासदानें वाघनख व बिचवा या दोहोंचा उल्लेख केला आहे. परमानंदाच्या शिवभारतांत मात्र वध तरवारीनें झाला आहे. संग्रहालयानें स्वतःच स्पष्ट म्हटलें आहे कीं, हें तेंच वाघनख होय असें सिद्ध करणें शक्य झालेलें नाहीं.

याचा अर्थ तें खोटें, असा कोणी घेऊं नये. ग्रँट डफच्या घराण्यांतून तें संग्रहालयाकडे आलें, हा परंपरेचा अलीकडचा दुवा पक्का आहे. त्यामागचा दुवा सैल आहे. संशोधकाचें काम दुव्यांस त्यांच्या बळाप्रमाणें मोल देण्याचें आहे. श्रद्धेनें पाहणाऱ्यास तें वाघनख महाराजांच्या स्मृतीचें निमित्त झालें, यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण सिद्ध म्हणून लिहिणाऱ्याचा हात मात्र थांबला पाहिजे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ मध्यें त्याचा निकाल लागेपर्यंत किती जण त्याच्या नादीं लागले, हें आपणांस विदित आहे. ज्यांची त्याच्यावर श्रद्धा बसली त्यांतील कित्येक भाऊंवर खरें प्रेम करणारेच होते. वस्तूंच्या तोतयांसही अशीच प्रेमळ माणसें आश्रय देतात.

६. त्या कट्यारीचा निकाल

यजमानांस लेख खोटा असल्याचें सांगणें मला अवघड गेलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, वडिलांच्या वेळीं एकदां ही कट्यार शिकलगाराकडे घासावयास दिली होती, तेव्हां मी लहान होतों. त्यापूर्वीं अक्षरें होतीं कीं नाहीं हें मला आठवत नाहीं. आणि लगेच त्यांनीं विचारलें कीं, मग आमच्या घरांत हिचें काय?

या प्रश्नाचें उत्तर कट्यारीनें व कागदानें मिळून दिलें. अक्षरें बाजूस ठेवून पाहिलें तर पात्यावर तीन समांतर नाळी होत्या आणि त्या टोंकापाशीं अचानक तुटल्या होत्या. पातें दोन जिभांत धरून मेखांनीं जखडलेलें होतें. तें कापलेलें फिरंगी पातें होतें. मूठ साधी, झिजलेली, हातांत पुष्कळ वर्षें वागलेली होती. म्यान लांकडी, वरचें मखमल गेलेलें. टोंकाशीं बारीक चुकांचीं भोकें होतीं, म्हणजे तेथें कांहीं पत्रा होता तो कोणी काढून घेतला होता. दोन दिवसांनीं त्याच घरच्या रुमालांत मोडी लिपींतील एक गहाणाची याद निघाली. पेशवाई बुडाल्यानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांतली ती होती. भांडीं व दागिन्यांच्या जोडीनें तींत फिरंगी पात्याची एक कट्यार, म्यानाच्या टोंकास रुपें, अशी नोंद होती. आणि शेरा असा कीं, रुपें सावकारानें ठेवून घेतलें, कट्यार परत आली.

यादींतील कट्यार व देवघरांतील कट्यार एकच, हें शपथेवर सांगतां येणार नाहीं. पण पातें, म्यान व भोकें हीं तिन्ही यादीशीं जुळतात, म्हणून संभव बळकट आहे. प्रतापगड गेला, पण त्याच्या जागीं एका घराण्याची खरी हकीकत आली: चांदी देऊन टाकावी लागली तेव्हांही त्यांनीं पूर्वजांची कट्यार सोडविली. यजमानांनीं ती याद दोनदां वाचून घेतली, आणि अक्षरें घासून टाकूं काय, असें विचारलें. मीं नको म्हटलें. तींही आतां त्या पात्याच्या इतिहासाचा भाग झालीं आहेत. त्यांजविषयीं खरें काय तें लिहून कट्यारीजवळ ठेवावें, म्हणजे पुरे.

७. संग्राहकांस सूचना

अशीं हत्यारें ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं प्रथम तीं घासण्याचा मोह आवरावा. काचकागद व आम्ल यांनीं जितका पुरावा नष्ट झाला आहे तितका गंजानेंही झाला नसेल. मऊ फडक्यानें धूळ पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, एवढें बहुधा पुरतें. म्यान दमट असेल तर पातें त्यांत ठेवूं नये. पण म्यान टाकूंही नये, त्याची जोडी नोंदींत कायम ठेवावी. हत्याराची लांबी, रुंदी व वजन मोजावें. मोजपट्टीसह दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. मेखा, सांधे व लेख यांचीं जवळून घ्यावीं. हत्यार कोणाकडून, केव्हां व कोणत्या हकीकतीसह मिळालें तें त्याच दिवशीं लिहावें, आणि हकीकत व निरीक्षण यांचे रकाने वेगळे ठेवावे. हत्यार ज्या घरांत मिळालें तेथील कागद त्याच भेटींत पाहावे. जिन्नसांच्या याद्या, गहाणखतें, वांटण्या व लग्नांतील आहेराचे तपशील हे रुमाल राजकारणाच्या पत्रांहून नीरस वाटतात, पण हत्याराची वाचा तेथेंच सांपडते. १९७२ च्या पुरातन वस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील वस्तु, व हस्तलिखितांच्या बाबतींत पंचाहत्तर वर्षांवरील, पुरातन ठरतात आणि त्या खाजगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

शेवटीं विनंती एवढीच कीं, वाचकांनीं आपल्या पाहण्यांत आलेल्या जुन्या यादींतील कट्यार, जमदाड, बिचवा व खंजीर यांचे उल्लेख मूळ शब्दांसह उतरून घ्यावे, आणि त्या घरांत वस्तु अद्याप असल्यास तिचें वर्णन सोबत जोडावें. अशा शंभर साध्या नोंदी जमल्या, तर दक्खनच्या कट्यारींचा जो इतिहास आज केवळ आकारांवरून अनुमानिला जातो तो कागदावर उभा राहील. त्यांत कोणाची कट्यार प्रतापगडची निघेल कीं नाहीं हें सांगवत नाहीं. पण जी ज्या घरची असेल ती त्या घरची म्हणून निश्चित ओळखतां येईल.